काटकोन

ऑर्विल पेटेंगिल गेली एकोणीस वर्षं न्यू हॅम्पशरमधल्या शेकर या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीतला बर्फ उपसत होता, आणि आपल्याला त्याचा अभिमान नाही असं तो अभिमानाने सांगायचा. शेकर मंडळींना अभिमान वर्ज्य होता. लग्नही वर्ज्य होतं, त्यामुळे मंडळी संपली. उरली ती घरं, त्यांना तिकीट लावून जपलेली.

आणि ऑर्विलपुरता एक नियम उरला होता. शेकर माणसाने चालताना कोपरा कापायचा नाही. सरळ जायचं, काटकोनात वळायचं, पुन्हा सरळ. म्हणून ऑर्विलची वाटही तशीच. फाटकापासून साठ पावलं, मेपलच्या झाडापाशी काटकोन, तिथून पंचेचाळीस पावलं प्रार्थनागृह. दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंती तो फावड्याने अशा तासायचा, की सुताराने गुण्या लावून बघावा. कुणी आसपास नसलं की तो स्वतःच लावून बघायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो आला, तर फाटकापासून थेट प्रार्थनागृहापर्यंत तिरकी वाट पाडलेली. यंत्राने.

"मीच बोलावलं यंत्र," नवी व्यवस्थापिका मेरेडिथ म्हणाली. तिचा इथला हा पहिला हिवाळा. "आज रोएना व्हिचर येतायत. एक्याण्णव वर्षांच्या आहेत. लहानपणी इथल्या सिस्टरांनीच वाढवलंय त्यांना. त्यांना एवढा वळसा घालायला लावायचा? तीस पावलं वाचतात, ऑर्विल."

"मोजलीत?"

"मोजली."

"चला, तेवढं तरी चाललात."

मेरेडिथने ते ऐकलं नाही असं ठरवलं. "दोन विश्वस्त बरोबर आहेत. बाई इकडून आरामात गेल्या, की पुढच्या हिवाळ्यापासून यंत्रच. तुम्ही आत बसून लोकांना गोष्टी सांगा."

"मला गोष्टी येत नाहीत. मला बर्फ येतो."

दहा वाजता गाडी आली. विश्वस्तांनी रोएनाबाईंना उतरवलं, हातात वॉकर दिला.

"इकडून या, जवळ पडतं," मेरेडिथ म्हणाली.

बाईंनी तिरकी वाट न्याहाळली. "ही कुणी पाडली?"

"आम्ही. खास तुमच्यासाठी."

"सात वर्षांची असताना मीही पाडली होती. अगदी इथेच. सिस्टर ॲसेनाथने मागे आणून सगळं पुन्हा चालायला लावलं. दोनदा."

"अरेरे. किती कठोर."

"कठोर कसलं? दुसऱ्यांदा मीच मागितलं. पहिल्या खेपेला वळण नीट जमलं नव्हतं."

आणि बाई सरळ निघाल्या. वॉकर पुढे, मग डावा पाय, मग उजवा. साठ पावलांना अकरा मिनिटं लागली. मागून कचेरीचे पातळ बूट घातलेले विश्वस्त, त्यांच्यामागे मेरेडिथ. पुढे जायची कुणाची छाती नव्हती. मेपलपाशी बाई थांबल्या, वॉकर उचलून काटकोनात ठेवला, आणि कवायतीतल्या शिपायासारख्या वळल्या. ऑर्विल टोपी हातात धरून उभा होता. कान थंडीने बधिर झाल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

बाईंनी हातमोजा घातलेलं बोट भिंतीच्या कोपऱ्यातून फिरवलं. "हे काम कुणाचं?"

"माझं, बाई."

"कोपरा आतून गोल आहे."

मेरेडिथ आपल्या बुटांकडे बघू लागली.

"वाऱ्याने झालाय," ऑर्विल म्हणाला.

"वारा तेव्हाही होता."

"हो, बाई."

"तुला येतं म्हणून सांगितलं. येत नसतं, तर छान म्हटलं असतं."

उरलेली पंचेचाळीस पावलं चालून त्या, शेकर रिवाजाप्रमाणे, बायकांसाठीच्या वेगळ्या दाराने आत गेल्या. एकोणीस वर्षांत हजारो लोक त्या वाटेने गेले होते. सगळ्यांनी छान म्हटलं होतं. कोपऱ्याला बोट कुणी लावलं नव्हतं.

"मेरेडिथ," पाय आपटत एक विश्वस्त म्हणाला, "ते यंत्राचं राहू दे."

थोड्या वेळाने मेरेडिथ दुसरं फावडं घेऊन बाहेर आली. ती तिरक्या वाटेवर बर्फ टाकू लागली. तिला ते येत नव्हतं, पण ऑर्विलने छान म्हटलं नाही.

तो कोपऱ्यात गुडघे टेकून बसला होता, आणि गुण्या आज सगळ्यांदेखत बाहेर होता. बोटभर बर्फ जास्त होता. त्याने तो तासला.

"आज अभिमान वाटत असेल," मेरेडिथ म्हणाली.

"छे," ऑर्विल म्हणाला, आणि त्याने गुण्या पुन्हा एकदा लावून बघितला.