काळ्या ग्राउसची मादी

काळा ग्राउस म्हणजे आमच्या डोंगरातलं रानकोंबडीसारखं पाखरू; त्याचा नर मी कधीच रंगवून ठेवलाय. छान उतरलाय: दोन्हीकडे वळलेली शेपटी, डोळ्यांवरच्या लाल भुवया, सगळं. शेजारी मादीची जागा मात्र कोरी. लंडनच्या प्रकाशकाने बजावलं होतं, शिकारीच्या पक्ष्यांच्या या पुस्तकात प्रत्येक पानावर जोडी हवी. शुक्रवारच्या टपालाने पूर्ण चित्र निघालं नाही, तर पान दुसऱ्या चित्रकाराला जाणार. सगळ्या पुस्तकात माझं तेवढं एकच पान.

पण आमच्या डोंगरात मादी मारत नाहीत. चुकून मारणाऱ्याची इथल्या जहागीरदारांच्या जेवणाच्या टेबलावर वर्षभर टर उडवतात. म्हणून समोर ठेवून रंगवायला जो तो मला नरच पाठवतो, तोही मोठ्या कौतुकाने. माझ्या कोठीत ते ओळीने लटकलेत आणि वास सुटलाय.

"मर्डो, मादी आण रे बाबा," मी जहागीरदारांच्या शिकारखान्याच्या रखवालदाराला पुन्हा विनवलं.

"त्या मातकट पाखरात रंगवण्यासारखं काय असतं, बाईसाहेब?"

"ते माझं मी बघीन."

"आणि साहेब माझी चामडी सोलतील, ते कोण बघणार?"

गुरुवारी कानावर आलं, एडिंबराच्या पाहुण्याने धुक्यात चुकून मादी पाडली. रंगांची पेटी आणि ते अर्धं चित्र उचलून मी चिखल तुडवत जहागीरदारांच्या स्वयंपाकघरात धावले. टेबलावर पक्षी होता. अंगावर एक पीस नव्हतं.

"पिसं कुठायत?" मी स्वयंपाकीण एफीवर ओरडले.

"चुलीत घातली. मर्डो म्हणाला, कुणी बघायच्या आत उरक. पाहुण्यांची लाज राखायला नको?"

"मादी मला का नाही दिलीस, मर्डो?"

दारातला मर्डो टोपी चुरगाळत म्हणाला, "पुस्तकात छापून आली असती, बाईसाहेब. मग पाहुण्यांनी तोंड कुठं लपवायचं?"

संतापाने मला रडू फुटलं. वाटलं, तेच पाखरू दोघांच्या तोंडावर फेकून मारावं. पान हातचं गेलं होतं.

मग डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि त्या कोऱ्या जागेत जे समोर होतं ते काढायला बसले. खरखरीत पांढुरकी कातडी, छऱ्यांची भोकं, लोंबती मान. ऐटबाज नराच्या अगदी शेजारी.

"शी! बाईमाणसानं असलं उघडंवाघडं काढावं?" एफी पुटपुटली.

मी खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मादी, आमच्याकडे मिळते तशी," आणि शुक्रवारी चित्र टपालात टाकलं.