माफीचा रविवार

गोवर्धन सरोदे अमरावतीला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचा आणि रविवारी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उपासना घ्यायचा. आजोबांपासून घर ख्रिस्ती. मंडळी चाळीस-पन्नास माणसांची. पण नोव्हेंबरचा दुसरा रविवार आला की शेड पुरायची नाही, तिवशाहूनही लोक यायचे. त्या दिवशी गोवर्धन आपल्या बायकोला माफ केल्याची साक्ष द्यायचा. त्याचं झालं की माधवी, त्याची बायको, उभी राहून आपलं पाप सांगायची.

पाप आठ वर्षांपूर्वीचं होतं. किशोर नावाचा चष्मेवाला डोळ्यांच्या शिबिरासाठी अमरावतीला यायचा. माधवी त्याच्याजवळ हसायची. घरात ती हसत नव्हती असं नाही, पण घरात हसताना आधी गोवर्धनकडे बघावं लागायचं. एका सकाळी ती किशोरसोबत अकोल्याला निघून गेली. आचल तेव्हा चार वर्षांची होती. तिला नंतर घेऊन जाऊ, असं माधवी रोज स्वतःला सांगायची. सांगता सांगता चार महिने गेले.

मग गोवर्धन मंडळीतली सहा माणसं घेऊन अकोल्याच्या जठारपेठेत किशोरच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. “माधवी, चाल घरी,” एवढंच तो भर रस्त्यात म्हणाला. “मी तुले माफ केलं.” येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डोळे पुसले. किशोर काउंटरमागून बाहेर आला नाही. माधवी गाडीत बसली.

तेव्हापासून हा रविवार. गोवर्धन शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, एका संदेष्ट्याबद्दल बोलायचा, ज्याची बायको दुसऱ्यांच्या मागं गेली आणि देवाच्या सांगण्यावरून ज्यानं तिला परत घरात घेतलं. देवानं वाट सोडून गेलेल्या इस्राएल लोकांना असंच परत घेतलं, तो म्हणायचा, आणि त्याचा आवाज खरोखर भरून यायचा. ढोंग नव्हतं त्यात. लहान मुलांना तेवढा वेळ त्याची आई, मैनाबाई, समोरच्या खोलीत गोष्टी सांगत बसायची. त्यामुळे आचलनं कधी काही ऐकलं नव्हतं. आई मामाकडे आजारी होती, असं तिला सांगितलेलं.

यंदा आचल बारा वर्षांची झाली.

“औंदा ते मोठ्यायसोबत बसन,” जेवताना गोवर्धन म्हणाला.

माधवीची पोळी तव्यावरच राहिली. “तिच्यासमोर मले नका लावू सांगायले. तुमच्या पाया पडतो.”

“तिले समजलं पायजे, देव कसा माफ करते.”

“देव म्हणते, मी तुमचं पाप आठवणार नाई. समुद्राच्या तळाशी टाकीन म्हणते. तुमीच तं वाचून दाखवलं होतं.”

गोवर्धन रागावला नाही. तो क्वचितच रागवायचा. “देवाचं काम देव करते. मी विसरलो तं साक्ष कायची देऊ?”

पोळी करपली. माधवीनं ती बाजूला काढली. “त्या संदेष्ट्याची बायको काई म्हणाली असन ना. परत आणल्यावर.”

“नाई.”

“काईच नाई?”

“शोधून पाय. तिचं एक वाक्य लिहिलेलं नाई.” त्यानं वरणात पोळी कुस्करली. “लिहाचं कामच नव्हतं.”

त्या रविवारी आचल दुसऱ्या रांगेत बसली होती, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, मांडीवर शास्त्र. गोवर्धन बोलला तेव्हा ती बापाकडे कौतुकानं बघत होती, कारण सगळेच तसे बघत होते. संदेष्ट्याची बायको कोण, ते तिला अजून कळलं नव्हतं.

मग त्यानं माधवीला बोलावलं.

आठ वर्षांत शब्द ठरून गेले होते. मी देवाच्या आणि नवऱ्याच्या विरुद्ध पाप केलं, इथून सुरुवात. माधवी उभी राहिली आणि पदर सरळ करत राहिली. ढोलकीवाला मान खाली घालून ढोलकीच्या दोऱ्या ओढू लागला.

“मी पाप केलं,” ती म्हणाली. “देवाले माहीत आहे.” आणि बसायला वळली.

“माधवी,” गोवर्धन हळू म्हणाला, अगदी प्रेमानं. “आडून नको बोलू. झाकलेल्या पापाले माफी नसते. नाव सांग. गाव सांग.”

माधवीनं सांगितलं. अकोला. किशोर. चार महिने. सांगताना ती टिनाला पडलेल्या एका भोकाकडे बघत होती. तिथून ऊन आत येत होतं.

“आणि माह्या नवऱ्यानं मले माफ केलं,” तिनं शेवट केला. लोक आमेन म्हणाले.

तेवढ्यात आचल उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती बापाकडे बघत होती, आता काय करायचं असतं ते कुणीतरी सांगावं म्हणून. गोवर्धननं होकारार्थी मान हलवली.

“मी पण आईले माफ केलं,” आचल म्हणाली.

शेड दणाणली. बायांनी आचलला जवळ घेतलं, गोवर्धन गुडघ्यावर बसून रडला. माधवी होती तिथंच उभी राहिली. कुणी तिला बस म्हटलं नाही.

त्यानंतर आचल घरात काही वाईट वागली नाही. फक्त एक गोष्ट बदलली. माधवीनं मोबाइल काढून घेतला किंवा अभ्यासाला बस म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, “मी तुले माफ केलं आहे ना?” बापाचाच आवाज, बापाचाच संथपणा. मैनाबाई एकदा ऐकून म्हणाली, “बरोबर बोलते पोरगी.” माधवीनं पोरीला काही सांगणं हळूहळू सोडून दिलं.

फेब्रुवारीत तिला अकोल्यात काम मिळालं. बेबीताई नावाची तिच्या माहेरची बाई तिथं मुलींचं वसतिगृह चालवायची, तिला स्वयंपाकाला बाई हवी होती. वर एक खोलीही होती. किशोर तर कधीच पुण्याला गेला होता, पण हे कुणी ऐकून घेणार नव्हतं. माधवीनं लपवाछपवी केली नाही. दुपारी, सगळे घरात असताना, बॅग भरून ती गोवर्धनपुढे उभी राहिली.

“मी चालली. आचलले घेऊन जातो, ते येत असन तं.”

आचलनं मान हलवली. नाही.

गोवर्धननं चष्मा काढून पुसला. “जा. इस्राएल किती खेपा निघून गेला, अन् देवानं किती खेपा परत आणला, मोज. मी बी आणीन.”

तिला त्या घरात कशाचीही वाटली नव्हती एवढी भीती त्या वाक्याची वाटली.

तो मार्चमधल्या एका रविवारी आला. दुपारचे तीन वाजले होते. दोन गाड्या, पंधरा-वीस माणसं, ढोलकी, पेटी. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी गाणं सुरू केलं. मुली गॅलरीत जमल्या. बेबीताई खाली जाऊन बोलली आणि वर आली. “मारायले आले असते तं पोलीस बोलावले असते,” ती म्हणाली. “गाणं म्हणणाऱ्याले काय करू, बाई?”

माधवी खाली गेली नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. आचल होती, नव्या ड्रेसमध्ये. दोन पायऱ्या खालीच थांबली.

“बाबानं पाठवलं. मी तुले पुन्हा माफ केलं, असं सांगायले.”

माधवी सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. हाताला कणीक होती, ती पदराला पुसली.

“आचल, ते जे मी दरसाल सांगतो ना, त्यात तू नसते. बाबाची माफी मागतो, देवाची मागतो, मंडळीची मागतो. तुही माफी मागायचं कोनी काढलं नाई. मी पण नाई काढलं.” तिनं आचलच्या कपाळाकडे बघितलं. “मी गेली त्या सकाळी तुले ताप होता. तू झोपली होती.”

आचल हे पहिल्यांदा ऐकत होती. खालून पेटीचा आवाज येत होता.

“किती होता?”

“एकशे दोन.”

“तरी गेली?”

“हो.”

आचलनं कठड्याचा रंग नखानं खरवडला. “मग माग माफी.”

“मी तुले सोडून गेली. ताप होता तरी गेली. चार महिने आली नाई. मले माफ कर, आचल.”

आचलनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. तो चेहरा आचलचा स्वतःचा होता, बापाचा नव्हता.

“नाई करत,” ती म्हणाली.

ती खाली उतरली. माधवी उठून गॅलरीत आली. फाटकाशी गोवर्धननं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

“सांगितलं?”

“हो बाबा.”

“काय म्हणते?”

“रडून राहिली.”

गोवर्धननं दोन्ही हात वर केले. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, ढोलकी जोरात वाजू लागली. आचल गाडीत जाऊन बसली आणि तिनं काच वर केली. माधवी कोरड्या डोळ्यांनी कठड्याला धरून उभी होती. खालच्यांपैकी कुणीही वर बघितलं नाही.