जाऊबाईंचं बरं होणं

रोग गेल्याचं कळल्यावर माणूस पेढे वाटतो, निदान शेजाऱ्यांना सरबत तरी पाजतो. आमच्या जाऊबाई घरी येऊन पलंगावर पडल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मन्सुरा शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, गोळ्यांनी काम केलंय. हिपॅटायटिस सीचा विषाणू आता तुमच्या रक्तात नाही. यकृतावरचे जुने वण मात्र राहतील, तेव्हा तपासणीला येत जा." मी शेजारीच उभी होते. मी ऐकलं की विषाणू नाही. जाऊबाईंनी ऐकलं की वण राहतील.

त्यांना दोष तरी काय द्यायचा? आमच्या गावात घरटी एक माणूस या विषाणूने धरलेला. माझे थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान बदीर, यानेच गेले. तेव्हा या गोळ्या कुठे होत्या? आधी थकवा, मग अंगाला खाज, मग पोटात पाणी, शेवटी रक्ताची उलटी. रतीबा जाऊबाईंनी सगळं जवळून पाहिलेलं. आता गोळ्या संपल्या तरी त्यांचा थकवा हटेना, दंडांना खाज सुटायची, उजव्या बरगडीखाली दुखायचं. आपण त्या वाटेवर कुठवर आलो, हेच त्या मनात मोजत असणार.

मी आपली टोचून बोलायची. जावाच आम्ही, गोड कशाला बोलू?

"म्हैस दुहायची वेळ झाली की बरोबर थकता तुम्ही, जाऊबाई."

"तुला काय कळणार, इन्साफ? तुझं यकृत बैलाचं आहे," त्या म्हणायच्या आणि दंड खाजवत बादली उचलायच्या.

अशात त्यांची एकुलती एक लेक सुहैर दमियातच्या सासरहून बाळंतपणाला आली. मुलगी झाली, लमार नाव ठेवलं. बाळाच्या सातव्या दिवसाच्या सोहळ्याची तयारी सुरू झाली. शेंगदाणे, मेणबत्त्या, मिठाई आणते म्हणून जाऊबाई बाजारगावी गेल्या आणि येताना तोंड एवढंसं करून आल्या. मला वाटलं, महागाई. खरं काय ते मला फार पुढे कळलं. तिथल्या एका लहानशा तपासणीच्या दुकानात त्यांनी गुपचूप रक्त दिलं होतं. नातीला कुशीत घ्यायच्या आधी एकदा खात्री करून घ्यावी, एवढंच मनात. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "पॉझिटिव्ह." यांनी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. दुखणं उलटलं असं समजून त्या घरी आल्या आणि सगळं पोटात ठेवलं.

सातव्या दिवशी बाळाला चाळणीत घालून हलवायचा मान आईच्या आईचा. अंगण बायकांनी भरलेलं. मी रीतीप्रमाणे खलबत्ता वाजवत बाळाच्या कानाशी ओरडत होते, "आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस, या चुलत आजीचं तर मुळीच ऐकू नकोस." बायका हसत होत्या. सुहैरने चाळणी पुढे केली तर जाऊबाई मागे सरल्या.

"विहीणबाईंना करू दे," त्या म्हणाल्या.

विहीणबाई कशाला नको म्हणतील? त्यांनी चाळणी घेतली आणि अशी हलवली की जणू गहू त्यांच्याच शेतातले. सुहैरचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती आईसमोर उभी राहिली. "आल्यापासून तू हिला एकदा घेतलं नाहीस. मुलगी झाली म्हणून?"

"तसं नाही गं. हातात जोर नाही माझ्या."

"पिठाची परात उचलायला आहे जोर."

जाऊबाई परात घेऊन आत गेल्या. मला त्यांचा असा राग आला की भांडी आपटली मी. सुहैरने बाळंतिणीच्या चाळिसाव्या दिवसाची वाटही पाहिली नाही, पोर घेऊन सासरी गेली. फोन लावला तर जावई उचलायचा आणि ती झोपलीय म्हणायचा. भरदिवसा.

पुढे तपासणीची तारीख आली तेव्हा मीच त्यांना ओढून मन्सुराला नेलं. डॉक्टरांसमोर त्यांनी तो बाजारगावचा कागद ठेवला. "परत आलाय ना? मला माहीत आहे."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, "ही तपासणी एवढंच सांगते की रोग कधीतरी येऊन गेला. ती खूण बऱ्या झालेल्यांच्या रक्तातही राहते, बहुतेक जन्मभर. विषाणू आहे का, ते वेगळ्या तपासणीत कळतं." ती तपासणी केली. विषाणू नव्हता. थकवा मात्र कधीकधी राहतो, हळूहळू उतरेल, म्हणाले. "आणि बाई, विषाणू असता तरी मुलाला कुशीत घेऊन, मुके घेऊन तो लागत नाही. रक्तातून लागतो."

"असतानासुद्धा?" जाऊबाईंनी विचारलं.

"असतानासुद्धा."

त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. मला वाटलं, आनंदाने.

त्याच आठवड्यात आम्ही भाजलेलं बदक आणि तुपातल्या पदरांच्या फतीर पोळ्या बांधून दमियातला गेलो. दार सुहैरने उघडलं, कडेवर लमार. गुटगुटीत झाली होती पोर. जाऊबाईंना दम निघेना, उंबऱ्यातच बोलायला लागल्या.

"सुहैर, मी मुद्दाम नाही गं केलं. तेव्हा रक्त तपासलं होतं मी, त्यात पॉझिटिव्ह आलं, म्हणून..."

सुहैरने पोरीला छातीशी आवळलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

एकच पाऊल. मी पाहिलं, जाऊबाईंनी पाहिलं, आणि मग सुहैरलाही कळलं आपण काय केलं ते. पुढचं सगळं मीच घाईघाईने सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते दोनदा सांगितलं. सुहैर रडायला लागली. "आई, घे ना हिला. घे ना गं."

"पेंगायला आलीय ती," जाऊबाई म्हणाल्या. "राहू दे."

चहा झाला, जेवणं झाली. सुहैरने चारदा पोर पुढे केली. जाऊबाईंनी तिच्या दुपट्याची सुरकुती तेवढी सारखी केली.

परतताना मायक्रोबसमध्ये माझं तोंड सुटलं. "एवढ्या लांबून गेलो आणि पोटची पोर मागे सरते? कानाखाली द्यायला हवी होती."

"तिला बोलू नकोस, इन्साफ." त्या खिडकीबाहेर कालव्याकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "बदीर आजारी होता तेव्हा ही एवढीशी होती. त्याच्या छातीवर जाऊन झोपायची. मी रोज उचलून न्यायची तिला, रोग लागेल म्हणून. मी आले की तो दोन्ही हात वर धरायचा. तिला घेताना मला त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून. कधी काही बोलला नाही. शेवटी शेवटी तर ती आली की आपणच हात वर करायचा." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि डॉक्टर म्हणतो, लागतच नाही."

त्या मोठमोठ्याने रडायला लागल्या. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून, छातीला हात लावून मला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"आमचे थोरले दीर," मी म्हटलं.