तार चांगलीच होती

अ‍ॅलन कीचं टोक स्क्रूच्या खाचेतून पुन्हा निसटलं आणि कार्बनच्या काळ्या पट्टीवर एक बारीक ओरखडा उठला. निकेशने हात मागे घेतला, तळवा पँटला पुसला. खाच नवी होती. कीसुद्धा नवीच होती. त्याने स्क्रू उजेडाकडे धरला, खाचेत धूळ असेल म्हणून फुंकर मारली आणि परत बसवला. या वेळी तो सरळ आत गेला.

घरापुढच्या सपरीतल्या टेबलावर हेलिकॉप्टर सुटं होऊन पडलं होतं. हातभर लांबीचं, रिमोटवर उडणारं. एका बाजूला त्याची प्लास्टिकची जुनी फ्रेम होती, मधल्या दांड्याजवळ उभी तडकलेली. दुसऱ्या बाजूला साकोलीच्या कुरिअरवाल्याकडून काल सोडवून आणलेली कार्बन फायबरची नवी फ्रेम. मोटर, गिअर, तोल सांभाळणारा गायरो, शेपटीचा पट्टा, सगळं जुन्यातून काढून नव्यात बसवायचं होतं. वरची पाती आधीच बदलून झाली होती. त्यानंतर पात्यांचा कोन बदलणारे सर्व्हो बदलले होते. मग रिमोटच्या दांडीखालची स्प्रिंग.

कॉलेजात असल्यापासून तो हे उडवत आला होता. हवेत उलटं करून परत सरळ करण्याइतका त्याचा हात बसला होता. दिवाळीनंतर मात्र ते चारदा पडलं, आणि चारही वेळा एकाच तऱ्हेने. कमरेइतक्या उंचीवर शांत उभं असताना, काही कारण नसताना डावीकडे एक झटका, आणि खाली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, हे तो अकरावीच्या मुलांना दर वर्षी प्रयोगशाळेत सांगत असे. स्वतःही तेच करत होता. एकेक भाग बदलत तो फ्रेमपर्यंत आला होता. फ्रेमनंतर हेलिकॉप्टरमध्ये बदलण्यासारखं काही उरत नव्हतं.

निर्मलाबाई चहा घेऊन आल्या. धाकट्या रुपाचा कप त्यांनी खिडकीत ठेवला, काठोकाठ भरलेला. निकेशच्या समोर स्टीलचा ग्लास ठेवला.

निकेशने ग्लासात पाहिलं. चहा अर्धाच होता.

"माय, दूध संपलं का?"

"नाई तं. काहून?"

"काई नाई."

त्या पदराला हात पुसत आत गेल्या. आतून खाटेची करकर येत होती. बाबा जागे असले की ती चालूच असे, कारण जागेपणी त्यांचे हातपाय एक क्षण स्थिर राहत नसत. घराला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की करकर थांबली की मगच सगळे मान वळवून पाहत, आणि झोप लागली आहे हे कळलं की कामाला लागत. सांडू नये म्हणून त्यांचा चहा गेली चार वर्षं स्टीलच्या ग्लासात, अर्धाच भरून जात होता.

याच टेबलावर निकेशच्या बापाने, धनीरामने, सानगडीच्या आसपासच्या किती पंपांच्या मोटरी बांधल्या, त्याला गणती नव्हती. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची आणि तांब्याची नवी तार वेटोळ्याला वेटोळं लावून बसवायची, एकही दुसऱ्यावर चढू द्यायचं नाही. लहानपणी निकेश आणि रुपा समोर बसून ते पाहत. मग एका उन्हाळी धानाच्या वेळी बांधलेल्या मोटरी परत यायला लागल्या. सुखराम काकाजींची तर एकाच हंगामात दोनदा जळाली. धनीराम म्हणाला, तार खराब आहे. त्याने कंपनी बदलली. मग दुसरी बदलली. नागपूरहून दुहेरी लेपाची महागडी तार मागवली, दुकानदाराशी फोनवर भांडला, बिलं फाडून फेकली. मोटरी जळतच राहिल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासताना आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली होती. "दाबून धरा, सोडू नका." धनीरामने धरली. ती पकड आवळत होती, सैल होत होती, पुन्हा आवळत होती. गाय दोहताना होते तशी. धनीरामला मात्र आपण घट्ट धरून आहोत असंच वाटत होतं. फाइलवर डॉक्टरांनी हंटिंग्टन असं लिहिलं. घरात ते नाव कुणी घेतलं नाही. निर्मलाबाई नुसतं 'थे', म्हणजे 'ते', म्हणत. डॉक्टरांनी दोन्ही मुलांना बसवून समजावलं होतं की हे रक्तातून येतं. प्रत्येक मुलाला शक्यता अर्धी-अर्धी. बापाकडून आलं तर कधी कधी बापापेक्षा लवकर दिसतं. रक्ताची तपासणी आहे, पण करायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

रुपाने दोनदा विषय काढला होता. निकेश एकदा परीक्षा म्हणाला होता, एकदा धानकापणी.

"दादा, बाबा बाहेर येतो म्हणून राहिले."

रुपा त्यांना दंडाला धरून घेऊन आली आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं. त्यांची मान एकीकडे ओढली जात होती, बोटं गुडघ्यावर काहीतरी वाजवत होती. नजर मात्र टेबलावर जाऊन थांबली. जुनी फ्रेम, नवी फ्रेम, पुन्हा जुनी. टेबल त्यांचंच होतं.

"नवा?" त्यांनी विचारलं. एकेक शब्द तोंडात घोळून बाहेर यायचा.

"हो बाबा. जुनी लवचिक होती. थरथर होत होती तिच्यात. ही कडक आहे."

 बाबांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"तार... चांगलीच होती रे."

"कोन्ती तार?" निर्मलाबाई आतून म्हणाल्या. "कपड्याची? ते तं कवाच तुटली ना बाप्पा."

बाबा हसले. की चेहराच तसा ओढला गेला, ते सांगता आलं नसतं. रुपा त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसत होती. निकेशने खाली मान घातली आणि शेवटचा स्क्रू आवळायला घेतला. आवळून झाल्यावरही तो आवळत राहिला.

"दादा, तुटन तो," रुपा म्हणाली.

वारा सुटायच्या आत निकेश आणि रुपा सुखरामच्या बांधीत, धानाच्या शेतात, पोचले. धान कापून झालं होतं. भादरलेल्या डोक्यासारखी बांधी सपाट दिसत होती, नुसते खुंट उरलेले. मळणी झालेल्या धानाचं तणस, म्हणजे पेंढा, सुखराम एका कडेला रचत होता. त्यांना पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आलं का मास्तरचं इमान! मले भंडाऱ्याले सोडून देशील का गा? बशीत जागाच भेटत नाही."

"तुमी बसल्यावर हे उडन का काकाजी?" रुपा म्हणाली.

"मंग तणसाचा एक भारा तरी नेऊन दे घरी. पडलं तं तणसावर पडजो म्हणा, माया टकुऱ्यावर नोको."

तो हसला, तणसाजवळच्या बांधाला टेकून बसला आणि बिडी पेटवली.

निकेशने खुंटांवर सपाट लाकडी पाटी ठेवली, तिच्यावर हेलिकॉप्टर ठेवलं, मागे सरला. पाती फिरू लागली. पहिल्याच क्षणी त्याला फरक ऐकू आला. पूर्वीची घरघर गेली होती. आवाज घट्ट आणि एकसारखा होता. हेलिकॉप्टर उचललं गेलं, गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं, आणि थांबलं. शेपटी हलली नाही. खालचे खुंट पात्यांच्या वाऱ्याने दबून चकाकत होते.

"दादा," रुपा हळूच म्हणाली. "फ्रेमच होती ना रे."

 निकेशची नजर शेपटीवरच होती. छातीत काहीतरी सैल होत चाललं होतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच.

झटका आला तो डावीकडेच. त्याने सावरलं, पण सावरताना जास्त झालं, हेलिकॉप्टर उजवीकडे लोटलं गेलं, आणि त्याने ते घाईने खाली आपटलंच म्हणायचं. खालची एक पट्टी वाकली. 

"गायरो," निकेश म्हणाला. "फ्रेम कडक झाली ना, आता सगळी थरथर गायरोपर्यंत जाऊन राहिली. कमी करावं लागन त्याले."

हे खोटं नव्हतं. असं होऊ शकतं. त्याने गुडघ्यावर बसून सेटिंग कमी केलं, वाकलेली पट्टी हाताने सरळ केली. दुसऱ्यांदा उडवलं. दुसऱ्यांदाही ते थोडा वेळ उभं राहिलं, आणि त्याला पुन्हा तेच वाटलं, तीच सैल होणारी छाती. मग झटका. या वेळी त्याची नजर चुकून हेलिकॉप्टरवरून, रिमोटची दांडी ढकलणाऱ्या स्वतःच्या डाव्या अंगठ्यावर आली होती.

हेलिकॉप्टर एका कुशीवर पडलं होतं. फ्रेमला काही झालं नव्हतं.

"वारा आला," तो म्हणाला.

रुपाने तणसाकडे पाहिलं. सुखरामच्या बिडीचा धूर सरळ वर जात होता.

तिने हेलिकॉप्टर उचललं, पात्यांत अडकलेली काडी काढली, पाटीवर नीट ठेवलं. मग त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"मी उडवू?"

"तुले झेपणार नाही."

"तूच शिकवलं मले."

ते खरंच होतं. दोन हिवाळे याच बांधीत त्याने तिला हे एका जागी उभं धरायला शिकवलं होतं. त्यापुढे ती गेली नव्हती, जायचं तिच्या मनातही नव्हतं. पण एका जागी उभं धरणं तिला येत होतं. एकच प्रयोग उरला आहे, तो इतका साधा आहे की सगळ्यात आधी करायला हवा होता, हेही त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यंत्र तेच, उडवणारा दुसरा. म्हणून तर पाती बदलली, सर्व्हो बदलले, स्प्रिंग बदलली.

त्याने रिमोट तिच्या हातात दिला.

पाती फिरली. पडू दे, असं त्याला वाटलं. इतकं मनापासून वाटलं की ओठ हलले. हिच्याही हातात पडू दे, म्हणजे दोष यंत्राचा. मोटर बदलू, गिअर बदलू, अख्खं नवीन घेऊ. हेलिकॉप्टर पाटीवरून सुटलं, थोडं डगमगलं, आणि त्या डगमगण्याबरोबर त्याला दुसरी गोष्ट दिसली. तिच्या हातात पडलं तर दोष यंत्राचाच असेल असं नव्हतं.

त्याने रुपाच्या अंगठ्यांकडे पाहिलं. ते बारीक, काळेसावळे, नखांत हळद असलेले अंगठे होते.

पडू नको, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला की मनात, त्याला कळलं नाही. नको पडू. उभं राह्य.

ते उभं राहिलं. कमरेइतक्या उंचीवर, खुंटीला टांगल्यासारखं. खालचे धानाचे खुंट दबून चकाकत होते, आणि चकाकीचा तो गोल तसूभरही इकडे तिकडे सरकत नव्हता. यावरून तिच्याबद्दल काही सिद्ध होत नाही, हे त्याला माहीत होतं. अजून वयच नव्हतं तिचं. तरी तो पाहत राहिला. डोळ्यांना धार लागली तरी पुसायला हात वर नेला नाही.

"आता बसलं ना ठिकाणावर!" तणसाकडून सुखराम ओरडला. "मास्तरपक्षा मास्तरीन बेस हाये."

रुपा हसली नाही. तिने ते हळूहळू खाली आणलं आणि पाटीच्या मधोमध टेकवलं. पाती थांबेपर्यंत ती पात्यांकडेच पाहत होती.

"झालं दुरुस्त," ती म्हणाली.

"हो."

"फ्रेमच होती."

"हो."

तिने रिमोट पुढे केला. तो घ्यायला निकेशचा हात अर्ध्यावर आला आणि तिथूनच खिशात गेला.

"बॅटरी संपली," तो म्हणाला.

रिमोटवरचा बॅटरीचा दिवा हिरवा होता. रुपाने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली बसून हेलिकॉप्टरची बॅटरी ओढून काढली. संपत आलेली बॅटरी हाताला चांगली गरम लागते, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. ही नुसती कोमट होती. ती तिने मुठीत धरून ठेवली.

"हो," ती म्हणाली. "संपली."

सगळं खोक्यात भरून झालं तेव्हा सुखराम जवळ आला होता. त्याने वाकून खोक्यातली काळी फ्रेम बोटाने टकटक वाजवून पाहिली.

"कायचा बिघाड होता गा त्यात?"

निकेशने खोक्याचं झाकण लावलं.

"कायचाच नाही काकाजी. जुनी फ्रेम चांगलीच होती."

"मंग बदलवली कायले?"

रुपाने खोकं कडेवर घेतलं. घरी जायला ते नेहमी दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून जात, एकामागे एक, तोल सांभाळत. ती धुऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि वळली. मग बंडीवाटेने, बैलगाडीच्या रस्त्याने, निघाली. ती वाट लांबची होती, पण रुंद होती. बाबांना बाहेर आणलं की त्यांना ते तिथूनच नेत.

निकेश तिच्या शेजारून चालू लागला.