अंग झाडलं म्हणजे होकार नव्हे

मी बोकड बोलतोय. लोहा तालुक्यातल्या सटवाजीच्या गोठ्यातला, काळा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. सध्या गावाबाहेरच्या देवीपुढे उभा आहे. पाठीवरून गार पाणी गळतंय आणि तीस-चाळीस माणसं मला घेरून उभी आहेत.

इथली रीत अशी. बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की त्याची मर्जी आहे, देवीनं त्याला घेतलं. नाही झाडलं तर सोडून द्यायचं. म्हणजे मला विचारतात बरं का! शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड, ही म्हण तुमचीच. पण तो खाणारा परवडला. शेळीला विचारून खाल्ली, असं तरी तो म्हणत नाही.

माझा संताप होतो तो याचा. मारायचं तर मारा, सुरी तुमच्या हातात आहे. वर माझा होकार कशाला हवा?

मला वाढवलं सटवाजीच्या मुलानं, सत्यमनं. गावात कुणाची पाण्याची मोटार जळाली की हा ती खोलून बसायचा. मी तेव्हा लहानसं करडू. मला शेजारी बांधून बाभळीच्या शेंगा चारायचा आणि तारा गुंडाळत राहायचा. त्याला तेच काम करायचं होतं.

दहावी झाल्यावर घरानं त्याला विचारलं, तुला काय व्हायचंय? मोटारी दुरुस्त करायच्या, तो म्हणाला. मग पुन्हा विचारलं. मामाला बोलावून विचारलं. त्याची आई गुणाबाई दोन दिवस जेवली नाही आणि मग तिनं विचारलं. चौथ्या दिवशी त्यानं मान हलवली. सटवाजी गावभर सांगत सुटला, "बळजबरी न्हाई बरं. पोरगं सोताच्या मर्जीनं लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला चाललंय." नंबर लागला तर हे करडू देवीला देईन, असा नवसही तो तेव्हाच बोलला.

यंदा नंबर लागला.

तर मी पाय रोवून उभा राहिलो. तीन तांबे ओतून झाले. कातडी थरथरू पाहत होती, मी ती दात खाऊन आवरली. चुली पेटल्या होत्या, मसाला वाटून तयार होता. लोक चुळबुळायला लागले. मामा म्हणाला, कानात पाणी घाला. नवस सत्यमच्या नावाचा, म्हणून तांब्या त्याच्या हातात दिला.

सत्यमनं माझ्याकडे पाहिलं. "आबा, त्यो न्हाई म्हनायलाय. सोडा त्याला."

"मुक्या जनावराला काय कळतंय?" सटवाजी म्हणाला. "घाल तू. तुला कुणी जबरी करत न्हाई."

सगळे त्याच्याकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच नाही. त्यानं डोळे मिटून तांब्या कलता केला.

पाणी कानात गेलं आणि माझं डोकं, मान, सगळं अंग गदागदा हललं. गुणाबाईनं हात जोडले. देवी पावली, असं सगळे म्हणाले.

सुरी यायला अजून जरा वेळ आहे, तेवढ्यात सांगून ठेवतो. ते हलणं माझं नव्हतं. सत्यमचं ओतणं त्याचं होतं का, हे त्याचं त्याला ठाऊक. त्याला माफ करावं असं वाटतं, पण होत नाही. थोड्या वेळानं पंगती बसतील. ताटावर कुणी म्हणालं की बोकडानं आपणहून होकार दिला, तर निदान तुम्ही तरी सांगा. तो नाही म्हणाला होता, आणि ते सगळ्यांना कळलं होतं.