पाटीची जागा

नागनाथनं थापीभर सिमेंटचा माल भिंतीवर मारला आणि मागं न बघताच विचारलं, "चुकला म्हंजे? कोण चुकला?"

किरणकुमार उन्हात उभा होता. बीदरहून औरादला आणि औरादहून चिंताकीला, दोन बस बदलून आलेला. हातपाय धुवायलासुद्धा तो घरात गेला नव्हता. नागनाथची बायको, पार्वतीमावशी, पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या आत बोलून टाकावं, म्हणून तडक विहाराशेजारच्या या बांधकामावर आला होता.

"सुगत, अप्पा."

"माझं लेकरू चुकणार न्हाई," नागनाथ म्हणाला आणि दुसरी थापी मारली.

माणसाचा लेक असा गेल्यावर त्याच्याशी हुज्जत कोण घालणार? गेल्या पावसाळ्यात हुमनाबादजवळ रस्त्यावर अपघातात सुगत गेला, तेव्हापासून नागनाथ बोलायचा कमीच. जन्मभर हैद्राबाद-उदगीरला गवंडीकाम केलेला माणूस. ग्रामपंचायतीनं जागा दिली आणि यानं आपल्या हातानं पोरांसाठी अभ्यासिका बांधायला घेतली. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला. दारावर हातभर लांब आणि वीतभर उंच जागा खोलगट सोडली होती. तिथं लेकाच्या नावाची संगमरवरी पाटी बसायची होती, येत्या बुद्धपौर्णिमेला.

सुगत बेंगळूरला नोकरी करायचा, पण त्याचा जीव होता वेगळ्याच कामात. फोनमधून धाडलेलं बोलणं, दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेतला व्यवहार वाटेत कुणी वाचू नये म्हणून त्याला कुलूप लागतं. ते कुलूप घडवणारा कोड तो मोकळ्या वेळात फुकट लिहायचा. ज्याला पाहिजे त्यानं उचलावा. कुठल्या कुठल्या मुलखातल्या कंपन्यांनी तो उचलला होता. नागनाथला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चहाच्या टपरीवर तो छाती फुगवून सांगायचा, "माझ्या लेकराच्या कुलपाला जगात दुसरी चावी न्हाई."

आणि या महिन्यात कुणाला तरी ती सापडली.

"अप्पा, दर कुलपाला नवी चावी लागती," किरणकुमार सांगू लागला. तो दुबलगुंडीचा, सुगतबरोबर शिकलेला. आता सुगतच्या मागं तो कोड तोच सांभाळत होता. "कुणाला वळखता येणार न्हाई असा आकडा मशीन दरवेळी नवा काढतं, त्याच्यावरनं चावी व्हती. पण तपासताना आमी तात्पुरता एकच आकडा बांधून ठेवतो."

"स्लॅब आवळेपत्तोर खाली सेंट्रिंगच्या फळ्या लावतो तसं."

"व्हय. तपासून झालं की काढून टाकायचं. ते काढायचं राह्यलं. सगळ्या कुलपांना एकच चावी झाली."

नागनाथ वळला. "सेंट्रिंग तसंच ठेवून घर ताब्यात देतंय का कुणी? माझं पोरगं? त्यो तर चपलासुदीक एका रेषेत काढायचा."

"म्हणून तर लोक बोलायलेत, अप्पा."

काय बोलायलेत ते नागनाथला ठाऊक होतं. औरादच्या शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या लेकीनं, शिवकन्येनं, फोनवर वाचलं होतं आणि रडत रडत बापाला सांगितलं होतं. इतका काटेकोर माणूस विसरेल कसा? मुद्दाम ठेवलं असेल. चावी विकली असेल कुणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला! मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हे बोलणाऱ्यांच्या पथ्यावरच पडतं. हां हां म्हणता ते गावात आलं. श्रीपतराव, ज्यांचा शब्द पंचायतीत कुणी मोडत नाही, ते अगदी गोडीत म्हणाले, "अभ्यासिका व्हऊ द्या, नागनाथ. पाटीचं तेवढं थांबा. पोरांच्या डोक्यावर कुणाचं नाव लावायचं ते बघून लावावं लागतंय."

"चूक म्या दुरुस्त केली," किरणकुमार म्हणाला. "उद्या सगळ्यांसाठी खुलासा लिहायचाय. पण नुसतं 'विसरला' म्हणलं तर कोण ऐकंल? कामून विसरला ते सांगाया पायजे. ते मलाच ठाऊक न्हाई. तुमाला काय आठवतंय का, ते विचारायला आलो."

"कवाची गोष्ट ही?"

"गेल्या वैशाखातली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं ते पाठवलं."

"पुनवेच्या दुसऱ्या दिवशी?" मागून आवाज आला. पार्वतीबाई तांब्या-पेला घेऊन आली होती. "तवा तर त्यो माझ्यापाशी व्हता की. बीदरला, दवाखान्यात. आप्रेशन झालतं न्हव माझं."

तिनं किरणकुमारच्या हातात पेला दिला आणि विटांच्या थप्पीवर बसली. लेकाचा विषय निघाला की लोक घाईनं दुसरंच काही काढतात. तिला रडू येईल म्हणून. आज आपण होऊन कुणी विचारत होतं, तर तिचा चेहराच उजळला.

"भूल उतरायलती माझी. धड शुद्ध कुठली! म्या त्याचा हात धरला त्यो काय सोडलाच न्हाई. ह्या हातानं, बघ." तिनं उजवा हात पुढं केला. "त्याचा बी उजवाच. नर्सबाई म्हणली, आजी, सोडा की आता. म्या कशाची सोडायलीय! सुगत नुसता हसायलता. मांडीवर त्याचं ते लॅपटॉप, आन् डाव्या हातानं टकटक, टकटक. म्हणलं, ठेव की रं बाबा ते. तर म्हणला, आई, लोक वाट बघायलेत, एवढं पाठवतो आन् ठेवतो. पाठवलं आन् झाकून ठेवलं. मग ह्यो माझा हात दोन्ही हातांत घेऊन बसला उजाडेपत्तोर."

ती हसली. किरणकुमारच्या पेल्यातलं पाणी तसंच होतं. कुठलंही काम पाठवण्याआधी सुगत ते पहिल्यापासून एकदा पुन्हा वाचायचा. ती त्याची खोड होती आणि त्यावरून किरणकुमार त्याला चिडवायचासुद्धा.

मग पार्वतीबाईचं हसू मावळलं.

"किरण, ते ह्येच व्हतं का रं? चुकलेलं?"

किरणकुमारनं नागनाथकडं बघितलं. नागनाथ घमेल्यातला माल उगीचच खालीवर करत होता.

"न्हाई मावशी. ते दुसरं व्हतं. त्याचा ह्याच्याशी काय संबंध न्हाई."

"खरं?"

"खरं."

"मग बरं बाबा." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "जेवल्याबिगर जायचं न्हाई. भाकरी टाकते."

ती विहाराच्या कोपऱ्यावरून वळली. घमेल्यातला माल सुकून आवळत चालला होता. नागनाथनं एरवी असा माल कधी वाया जाऊ दिला नसता.

"तेच व्हतं," तो म्हणाला.

"व्हय, अप्पा."

किरणकुमारला एकदम बोलायचं सुचलं. "अप्पा, पण आता मला लिहिता येतंय. आई दवाखान्यात व्हती, धड शुद्धीवर न्हवती, एका हातानं काम केलं, परत वाचायचं राह्यलं. तारीख जुळती. दवाखान्याचे कागद असतील. एवढं दाखवलं की समद्यांची तोंडं बंद व्हतील. श्रीपतरावांची बी. सुगतचं नाव सोन्यासारखं..."

"थांब जरा."

नागनाथ वाळूवर बसला. हाताला लागलेलं सिमेंट नखानं खरवडत राहिला.

"तू लिवशील. तिकडं बेंगळूरला वाचतील. तिथनं आमच्या पोरांच्या फोनात यील. मग कुणीतरी भलं माणूस घरी यीऊन तिला वाचून दाखवंल. पार्वताक्का, सुगतची काय बी चूक न्हवती बघा, तुमी हात सोडला न्हाई म्हणून झालं. तिच्यापाशी लेकराचा तेवढा हातच राह्यलाय रं. रोज सांगती. त्यो बी काढून घिऊ का तिच्यापासून?"

किरणकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलंही नाही.

"चुकला म्हणून लिही," नागनाथ म्हणाला. "कामून चुकला ते लिहू नको."

"लोक म्हणतील, मुद्दाम केलं."

"म्हणू दे."

"आन् पाटी, अप्पा?"

नागनाथनं दारावरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते किरणकुमारला कळलं नाही.

जेवणात ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी होती. पार्वतीबाईनं आग्रह करकरून वाढलं. जाताना शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि सांगितलं, "सुगत न्हाई म्हणून यायचं सोडू नको बाबा." किरणकुमारनं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि दुपारच्या बसनं गेला.

ऊन कलल्यावर नागनाथनं नवा माल कालवला. फळ्यांच्या लाकडी घोडीवर चढला आणि पाटीसाठी सोडलेली जागा खालच्या कडेपासून भरायला लागला.

रोज या वेळेला पार्वतीबाई बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन यायची. आदल्या दिवशीच्या गिलाव्यावर पाणी मारायचं काम तिचं. आजही आली. बादली खाली ठेवून वर बघत राहिली.

"अवं, नावाची जागा कामून बुजवायलाव?"

"आधी पोरं यीऊन बसू दे. शिकू दे." त्यानं थापी दाबून फिरवली. "नाव काय, मागून बी लावता येतंय."

तिनं बादलीत मग बुडवला. जराशानं भिंतीवर पाणी पडल्याचा आवाज आला, थोडं थोडं, धड नाही असं. नागनाथनं खाली बघितलं. सुगतचा हात न सोडलेला तो उजवा हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता आणि ती डाव्या हातानं पाणी मारत होती. निम्मं पाणी भिंतीवर जात होतं आणि निम्मं तिच्या लुगड्यावर.

नागनाथ बघत राहिला. मग भिंतीकडं तोंड करून तो उरलेली जागा भरायला लागला.