अर्धी दाढी

गुळगुळीतकाकांनी पोटाला इन्सुलिनची सुई टोचली, जेवणाचा डबा पुढे ओढला आणि नेमके तेव्हाच व्याही सलूनच्या दारात उभे! काकांनी केलेल्या दाढीवरून माशीसुद्धा घसरेल म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांचं हे नाव पाडलं होतं.

व्याही अजून व्हायचे होते म्हणा. मुलीने स्वतःच जमवलेलं, पोरगा अगदी सोन्यासारखा. पण त्याचे वडील पडले लिफ्ट तपासणारे साहेब, दोष काढण्यातच हयात गेलेली. त्यांना आपल्या मधुमेहाचा सुगावा लागू द्यायचा नाही, असं काकांनी पक्कं ठरवलं होतं. बापाला आहे म्हणजे उद्या मुलीलाही होईल, असं म्हणून लग्न मोडलं तर? मुलगी कपाळाला हात लावायची. "बाबा, वेळेवर खाता, रोज चालता, साखर तपासता. यात लपवण्यासारखं काय आहे?" काका तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

"जेवायला बसला होतात का?" व्याह्यांनी विचारलं.

"छे छे! या ना, बसा." डबा आरशामागे गेला. अहो, सुई घेऊन झालेली, वर पोटात काही गेलं नाही तर साखर उतरणारच, तिला काय पाहुण्यांची भीड? पण काकांना व्याह्यांपुढे दुसरं काही सुचतच नव्हतं.

काकांनी व्याह्यांची दाढी करायला घेतली. उजवा गाल झाला. व्याही लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होते, काका नुसतं "हो, हो" करत होते. डाव्या बाजूला आले आणि बोटं थरथरायला लागली. दडपण आलंय, दुसरं काय! मग डोक्यावर पंखा गरगरत असताना मानेवरून घाम निथळला. वस्तरा गळ्याशी नेला तर आरशात व्याही दोन दिसू लागले. दडपणाने माणसं दोन होत नाहीत, हे तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात शिरलं.

दोन हात भरभर मारावेत आणि मोकळं व्हावं, असंही एकदा मनात आलं. त्या विचारानेच त्यांना धडकी भरली. त्यांनी वस्तरा मिटून लांब सरकवला.

"मला मधुमेह आहे. साखर एकदम उतरलीय. थांबावं लागेल."

खिशातली ग्लुकोजची पुडी पाण्यात ढवळून काका घटाघटा प्यायले आणि स्टुलावर टेकले. छाती धडधडत होती. साखरेमुळे की लाजेमुळे, देव जाणे. व्याही अर्ध्या फेसानिशी आरशातून त्यांच्याकडे बघत होते.

"मुलीला माहीत आहे?" व्याह्यांनी विचारलं.

"सगळं. सांगून टाका, असंच म्हणत होती ती. भित्रा मी. राग काढायचा तर माझ्यावर काढा, तिच्यावर नको."

व्याही ताडकन उठले. संपलं सगळं, काका मनात म्हणाले. व्याह्यांनी आरशामागचा डबा काढून त्यांच्या पुढ्यात आदळला.

"आधी जेवा!"

ग्लुकोज अंगात भिनेपर्यंत पाव तास थांबून काकांनी बोट टोचून साखर पाहिली. आकडा वर आला होता. मग ते जेवले, घास तोंडात फिरत होता तरी जेवले. हात धुऊन दोन्ही पंजे व्याह्यांसमोर धरले. थरथर गेली होती.

"तरी नको वाटत असेल तर शेजारच्या सलूनमधून माणूस बोलावतो."

"पुन्हा हात थरथरला तर?"

"तर पुन्हा थांबेन. समोर कुणीही असो."

व्याह्यांनी खुर्चीत पाठ टेकली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले.